सभा कशाने तापते?

कोथरूडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट बदलणे यांचा मिळून ८५ लाख रुपयांचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. फाटकाजवळ भटक्या कुत्र्यांना खायला घालावे की नाही, या विषयावरून मात्र गेले तीन महिने सभासद एकमेकांशी नीट बोलत नाहीत, आणि वीस वर्षे दिवाळीचा फराळ एकत्र करणाऱ्या दोन कुटुंबांनी एकमेकांकडे जाणे-येणे सोडले आहे. मोठ्या विषयावर शांतता आणि लहान विषयावर एवढा संताप असे का व्हावे, आणि सचिव म्हणून आपण काय करावे, असे त्या विचारतात.

मी गेली सत्तावीस वर्षे पुण्यात नागरिकांच्या बैठका चालवण्याचे काम करते. सोसायट्यांच्या सभा, वस्तीच्या पुनर्वसनाची बोलणी, रस्तारुंदीत घर जाणाऱ्यांच्या बैठका, गणेश मंडळे आणि आसपासचे रहिवासी यांच्यातील समेट, असे त्याचे स्वरूप आहे. पुणेकर मुळातच वादप्रिय, असे एक तयार उत्तर या प्रश्नाला नेहमी दिले जाते. ते मला मान्य नाही, कारण त्याने काहीच उलगडत नाही. कुत्र्यांवरून भांडणारे आणि ८५ लाखांवर गप्प बसणारे पुणेकर तेच आहेत.

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५७ मध्ये एका कल्पित समितीचे उदाहरण देऊन तो मांडला होता. त्या समितीपुढे १ कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा विषय येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या सायकलींसाठी ३५० पौंडांची शेड बांधण्याचा विषय येतो आणि त्यावर पाऊण तास चर्चा चालते. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड सर्वांना कळते. आपल्या सभेतही वॉटरप्रूफिंगच्या रसायनांविषयी बोलायला हिंमत लागते, कुत्र्यांविषयी बोलायला लागत नाही. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही, कारण लांबलेली चर्चा आणि तापलेली चर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतीला कोणता रंग द्यावा, यावर चार-चार सभा घेणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. त्या सभा कंटाळवाण्या होत्या, पण त्यांतून कोणाचे जाणे-येणे तुटले नाही. ज्याला पिस्ता रंग हवा होता त्याने अखेर मोतिया मान्य केला आणि घरी गेल्यावर त्याला कोणी जाब विचारला नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विषय किती मोठा आहे, त्यात किती पैसा गुंतला आहे, किंबहुना त्याविषयी लोकांना किती माहिती आहे, यांपैकी कशावरूनही सभा तापेल की नाही हे मला कधी आधी ओळखता आले नाही. ओळखता आले ते एकाच गोष्टीवरून: या विषयावर मत बदलले तर माणसाला आपल्याच माणसांत त्याची किती किंमत मोजावी लागेल? ती किंमत नगण्य असेल तर चर्चा कितीही लांबो, ती निवते. ती मोठी असेल तर प्रत्येक जण समोरच्याला उत्तर देत असल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात आपल्या पाठीमागे बसलेल्यांसाठी बोलत असतो. अशा सभेत पुरावा उपयोगी पडत नाही, कारण पुराव्याने मत बदलेल, पण पाठीमागच्यांची नजर बदलणार नाही.

याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण याच शहरातले आहे. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही तेथे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला तसाच बाजूला ठेवला, आणि मंडळी घरोघरी गेली. पुढे गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती) यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि शहर पेटले. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कृत करण्याचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकांनीच त्यांना दूषणे दिली.

चहा घेतला त्या दिवशी आणि नावे छापली त्या दिवशी कृत्य एकच होते. फरक पडला तो यादीमुळे. यादी छापली जाईपर्यंत एखाद्या घरातील वडीलधाऱ्यांना त्याकडे कानाडोळा करता येत होता. छापून आल्यावर प्रत्येक घराला आपण या माणसाच्या पंक्तीला बसणार की नाही, हे चारचौघांत ठरवणे भाग पडले. मुलीचे लग्न, घरचे श्राद्ध, उपाध्याय येणार की नाही, हे सगळे त्या एका पेल्याला येऊन चिकटले. आज आपल्याला तो वाद पोरकट वाटू शकतो, परंतु त्या माणसांनी जे गमावण्याची भीती बाळगली ते पोरकट नव्हते. तुमच्या सोसायटीत कोणी यादी छापली नसेल. मात्र व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोणी कोणत्या संदेशाला अंगठा दाखवला हे १२० घरे रोज पाहत असतील, तर ती यादी दररोज छापली जात आहे असेच समजा.

त्याच काळातला दुसरा वाद याहून गंभीर आहे, आणि तो मी जड मनाने सांगते. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू पावली. त्यानंतर संमतिवयाची, म्हणजे विवाहित मुलीशीही शरीरसंबंध ठेवण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या किमान वयाची, मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शास्त्राधारे त्याचे समर्थन केले, गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या ‘सुधारक’ या पत्रातून केले, टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून विरोध केला. वयाचा आकडा हा वादाचा विषय असता तर हा विरोध समजत नाही, कारण मुलींची लग्ने १६ वर्षांपूर्वी करू नयेत अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतःहून घ्यावी, असा प्रस्ताव टिळकांनीच १८९० मध्ये मांडला होता. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने कायद्याच्या बळावर घरात शिरण्याला होता. टिळक आणि आगरकर यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढण्यात एकमेकांना साथ दिली होती, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. त्याच दोघांत एवढे अंतर पडले आणि आगरकरांना विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. ‘हे ठरवणारे तुम्ही कोण?’ हा प्रश्न एकदा उभा राहिला की मूळ प्रश्न बाजूला पडतो. त्या सगळ्या सभांत दहा-अकरा वर्षांच्या त्या मुली कोठेच नव्हत्या, आणि मला वाटते, त्या समोर बसलेल्या असत्या तर वक्त्यांना तसे बोलता आले नसते.

हेल्मेटच्या बाबतीत हेच मी डोळ्यांनी पाहिले. दुचाकीस्वाराने हेल्मेट घालावे असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२९ सांगते. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि शहरात मोर्चे निघाले. त्या दिवसांत मी घेतलेल्या एका बैठकीत सक्तीला विरोध करणाऱ्यांना विचारले, की तुमचा मुलगा दुचाकीवरून महाबळेश्वरला निघाला तर त्याला हेल्मेट घालायला सांगाल का? जवळपास सर्वांनी होकार दिला. डोके फुटते हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांना डिवचणारी गोष्ट वेगळी होती: रस्त्यावर खड्डे, चौकातला दिवा बंद, आणि दंडाची पावती मात्र वेळेवर. आधी तुमचे काम करा, मग आम्हाला शिकवा, असा तो सूर होता. सक्ती योग्यच आहे असे माझे स्वतःचे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्या बैठकीतही लपवले नाही. परंतु खड्ड्यांचे गाऱ्हाणे आधी नोंदवून घेतल्याशिवाय त्या खोलीत हेल्मेटविषयी एक वाक्यही ऐकले जाणे शक्य नव्हते.

आता उलट बाजू पाहू. पाणी हा पुण्याचा सर्वांत मोठा विषय आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (२९ अब्ज घनफूट) पाणी साठते आणि त्यावर शहराबरोबर हवेली, दौंड आणि इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. पण टीएमसी म्हणजे किती, हे शहरातल्या सभेत विचारले तर शांतता पसरते, कारण शहरात पाणी नळातून येते. दौंडकडच्या शेतकऱ्याला मात्र कालव्याचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) आठ दिवस पुढे गेले तर उसाचे काय होते ते ठाऊक असते; तेथील बैठकीत हाच विषय काढा आणि पाहा. तेव्हा एखादा विषय ‘मुळातच तापट’ असतो असे म्हणण्याआधी तो कोणाच्या घरात तापतो हे विचारायला हवे.

तापणे हा नेहमीच रोग असतो असेही मी मानत नाही. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत वेताळ टेकडीवरून जाणारा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता विकास आराखड्यात अनेक वर्षांपासून आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरील कोंडी फोडण्यासाठी तो हवा, असे महापालिका म्हणते, आणि त्या कोंडीत रोज अडकणाऱ्यांचा त्रास खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा काही अधिकारी मला म्हणाले, की लोक भावनेच्या आहारी गेले आहेत. मला ते पटले नाही. इमारतीचा रंग सात वर्षांनी बदलता येतो, टेकडी एकदा कापली की पुन्हा घडवता येत नाही, आणि तिच्या पोटात मुरणारे पाणी ठेकेदाराकडून विकत आणता येत नाही. निर्णय मागे घेता येण्यासारखा नसेल तर लोकांनी आवाज चढवणे हे शहाणपणाचे आहे. शिवाय सभ्य मार्ग लोकांनी वापरून पाहिलेले असतात. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. आपली हरकत लिहून देणाऱ्या माणसाला तिचे पुढे काय झाले हे कोणी सांगितले नाही, तर पुढच्या वेळी तो अर्ज लिहीत बसत नाही, घोषणा देतो. एवढ्या वर्षांत मी पाहिलेल्या सर्वांत प्रक्षुब्ध सभांच्या मुळाशी अशी एखादी जुनी, उत्तर न मिळालेली हरकत हमखास सापडली आहे.

सचिवांच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहावे. त्यांच्या सोसायटीत खायला घालणारे स्वतःला दयाळू समजतात आणि विरोध करणारे स्वतःला मुलांचे रक्षणकर्ते समजतात. दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. त्यामुळे माघार घेणे म्हणजे एकाला निर्दय ठरणे आणि दुसऱ्याला बेफिकीर ठरणे वाटते, आणि तेही आपल्या मुलाबाळांसमोर. अशा स्थितीत ‘घालावे की नाही’ असा प्रश्न सभेपुढे ठेवणे ही पहिली चूक झाली. कायद्याच्या दृष्टीनेही तो प्रश्न चुकीचा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे आपल्या आवारातील भटक्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था लावणे ही रहिवाशांच्या संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटांपासून दूर असावी, तसेच वेळ मुले आणि ज्येष्ठ यांची वर्दळ कमीत कमी असेल अशी निवडावी, असे ते नियम सांगतात. म्हणजे सरसकट बंदी घालता येत नाही आणि फाटकाजवळ खायला घालणेही बसत नाही. न्यायालयांचे त्यानंतरचे आदेश वकिलांकडून तपासून घ्यावेत. पण प्रश्न कोठे, केव्हा आणि कोणी एवढाच उरतो, आणि या तिन्हींत माघार घ्यायला कोणाचे मन दुखत नाही.

दुसरी गोष्ट, हात वर करून मतदान घेऊ नका. माझ्या हातून ही चूक एकदा झाली आहे आणि तिचे मला अजून वाईट वाटते. अविवाहित विद्यार्थ्यांना भाड्याने घरे द्यावीत की नाही, या विषयावर मी एका सोसायटीत सभेच्या पहिल्या पंधरा मिनिटांतच हात वर करायला सांगितले. किती जण कोणत्या बाजूला आहेत हे कळले तर बोलणे सोपे जाईल असे मला वाटले होते. झाले उलटेच. एकदा हात वर गेल्यावर तो कोणालाच खाली घेता येईना. पुढच्या पंधरवड्यात पाच-सहा जण मला वेगवेगळे भेटून म्हणाले, की नंतरचे ऐकून आमचे मत बदलले होते, पण शेजाऱ्यांनी आमचा हात पाहिला होता. सभेआधी दोन-दोन, तीन-तीन जणांना घरी भेटा, आणि त्यांना ‘तुमचे मत काय’ असे न विचारता ‘तुम्ही काय पाहिले’ असे विचारा. मत विचारले की माणूस आपल्या गटाचे वाक्य म्हणतो. काय पाहिले हे विचारले की त्याला आठवावे लागते, आणि आठवताना आवाज आपोआप खाली येतो. ज्या आजोबांना मागच्या वर्षी कुत्रा चावला त्यांना पायऱ्या उतरताना आजही कसे वाटते, हे खायला घालणाऱ्या ताईंनी बहुधा कधी ऐकलेले नसेल. आणि त्या ताई गेली काही वर्षे स्वतःच्या पैशाने कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेत असतील, तर ते आजोबांना कोणी सांगितलेले नसेल.

ठराव कायमचा करू नका. तीन महिन्यांची मुदत घाला, जागा आणि वेळ लिहा, आणि मुदत संपताच फेरविचार होईल असे इतिवृत्तात स्पष्ट नोंदवा. मुदतीच्या ठरावाला ‘तूर्त चालेल’ म्हणता येते, आणि तूर्त म्हणणाऱ्याला कोणी फितूर म्हणत नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप बंद करण्याचा मोह होईल; तो करू नये, कारण ज्यांचे तोंड बंद केले असे त्यांना वाटेल ते दुसरा ग्रुप काढतील. फक्त या विषयावरील सूचना लेखी, सचिवांच्या नावे, फाटकावरील पेटीत द्याव्यात असे कळवा, आणि आलेल्या प्रत्येक चिठ्ठीला आठ दिवसांत उत्तर द्या, मग ते नकाराचे का असेना.

त्या दोन कुटुंबांविषयी मला एवढेच सांगता येते, की त्यांना सभेत समेट करायला लावू नका. चारचौघांसमोर हात मिळवायला लावणे हीसुद्धा एक यादीच असते. त्यांच्यापैकी कोणा एकाकडे दुसऱ्याच्या ओळखीचे काही काम निघेल, एखादे औषध आणून द्यायचे असेल, तेव्हा ते काम सचिवांनी स्वतः न करता त्या दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवावे.

आणि पुढची सभा घेण्यापूर्वी एक दिवस पहाटे साडेपाचला फाटकावर जाऊन उभे राहा. रात्रपाळीचा रखवालदार, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सहा वाजता धुण्याभांड्यांच्या कामाला येणाऱ्या बाया, यांच्यापैकी कोणीही सभासद नाही, कोणालाही मत नाही, आणि अंधारात त्या कुत्र्यांच्या समोरून रोज जातात ते हेच लोक. कुत्र्यांना रात्री उरलेली भाकरी घालणाराही त्यांच्यातलाच कोणी असण्याची शक्यता आहे. कोणता कुत्रा अंगावर येतो, कोणता नुसता भुंकतो, खाणे कोणत्या कोपऱ्यात ठेवले तर ती फाटक सोडून तिकडे जातील, हे तुमच्या १२० घरांपेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असेल. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा आणि सभेच्या सुरुवातीला, कोणीही बोलायला उठण्याआधी, वाचून दाखवा.